आसनाच्या कडेची ती एक शिवण

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पिंपरी-चिंचवड परिसरात गेली अठ्ठावीस वर्षे मी मोटारींच्या सीटा शिवण्याचा, म्हणजे ज्याला आमच्याकडे कुशनकाम म्हणतात, तो व्यवसाय करतो. माझे वडीलही हेच काम करीत. त्यांच्या काळी प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडरच्या सीटांत स्प्रिंगा आणि काथ्या असे. वर रेक्झिन चढले, पायपिंग सरळ बसली आणि कोपऱ्यात सुरकुती राहिली नाही, की काम उत्तम झाले असे गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही मानीत. आज माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याचशा मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी असतात आणि त्यांच्या सीटांच्या पोटात काथ्याच्या जागी घडी घालून ठेवलेली एअरबॅग, तिला फुगवणारी गॅसची नळकांडी, कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारी संवेदक चटई, मोटारी आणि वायरींचा जुडगा असतो. हा बदल किती मोठा आहे याची जाणीव ना गिऱ्हाइकांना पुरेशी आहे, ना आमच्या धंद्यातल्या लोकांना, आणि त्यातून जे घडते ते रोज पाहत असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला माझे कर्तव्य वाटले.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एक गृहस्थ आपली सात वर्षांची जर्मन बनावटीची सेदान घेऊन माझ्याकडे आले. गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली होती. आधीच्या मालकाने मूळच्या काळ्या सीटांवर टॅन रंगाचे लेदर चढवून घेतले होते आणि ड्रायव्हरच्या बसायच्या भागाला चीर गेली होती, तेवढी दुरुस्त करून हवी होती. वरवर पाहता काम अतिशय देखणे होते. चौकटीची शिलाई एका रेषेत उतरली होती, टाक्यांमधले अंतर सारखे होते, दोरा लेदरच्या रंगापेक्षा एक छटा गडद निवडला होता. मी नेहमीप्रमाणे पाठीच्या बाहेरच्या, म्हणजे दाराकडच्या कडेवरून हात फिरवला. तिथे ‘एअरबॅग’ असा शब्द छापलेला लहानसा बिल्ला असायला हवा होता, तो सापडला नाही. बॅटरीची तार काढून, थोडा वेळ थांबून मी सीट बाहेर घेतली आणि पाठीचे कव्हर सैल केले. आत एअरबॅग शाबूत होती, पण तिच्यासमोरची शिवण जाड नायलॉनच्या दोऱ्याने, दुहेरी टाक्यांनी पक्की केलेली होती. तो दोरा मी बोटाला गुंडाळून ओढून पाहिला. बोटावर लाल वळ उठला, दोरा तुटला नाही.

ही शिवण पक्की असणे हाच दोष कसा, हे सांगितल्याशिवाय या पत्राचा मुद्दा कळणार नाही. बाजूने धडक बसली तर माणूस आणि दार यांच्यामध्ये अंतर असते वीतभर. समोरच्या धडकेत बॉनेट आणि इंजिनाचा भाग चेपता चेपता थोडा अवधी मिळवून देतो, तसा अवधी इथे मिळत नाही. म्हणून सीटच्या कडेतली एअरबॅग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास भरून माणसाच्या बरगड्या आणि दार यांच्यामध्ये उभी राहावी लागते. सीटच्या कव्हरातून तिला बाहेर पडायला जी वाट ठेवलेली असते, ती म्हणजे कडेची एक शिवण. ती मुद्दाम कमी ताकदीच्या दोऱ्याने आणि मोजून ठरवलेल्या टाक्यांनी घातलेली असते, म्हणजे आतून दाब आला की नेमकी तीच उसवते. सीटा बनवणाऱ्या कारखान्यांत या एका शिवणीसाठी वेगळी यंत्रे वापरतात, ती दोऱ्याचा ताण आणि टाक्यांची संख्या नोंदवून ठेवतात आणि कव्हरागणिक ती नोंद जपली जाते. बाकीची सगळी सीट शिवणाऱ्याच्या कौशल्यावर सोडता येते. ही एक शिवण कोणाच्या अंदाजावर सोडलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तर आमच्या धंद्यातल्या भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. पुष्कळ गाड्यांच्या कव्हरात, आतल्या बाजूने, न ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. एअरबॅग फुगू लागली की लेदर आणि फोम ताणले जाऊन तिची ताकद वाया जाऊ नये, तिने सरळ त्या शिवणीकडेच वळावे, यासाठी त्या पट्ट्या असतात. जुने कव्हर उसवून त्याचा साचा काढताना त्या निरुपयोगी चिंध्यांसारख्या दिसतात. त्या गृहस्थांच्या सीटमध्ये त्या मुळापासून कापून टाकलेल्या होत्या. कापल्याच्या खुणा फोमच्या कडेला स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे जिथून फुटायचे ती जागा बंद, आणि तिथपर्यंत नेणारी वाटही नाहीशी. धडकेच्या वेळी अशी एअरबॅग उशिरा किंवा भलतीकडून बाहेर पडेल, किंवा आतच कोंडली जाईल.

ज्याने ते काम केले त्याच्या हाताला मी नावे ठेवणार नाही. त्याने जीव ओतून शिवले होते. आमच्याकडे मजबूत शिवण म्हणजे प्रामाणिक शिवण हेच लहानपणापासून शिकवले जाते आणि जिथे सर्वांत जास्त ताण येतो तिथे दुहेरी टाका घालायचा हे वडिलांनी मलाही शिकवले होते. २०१० च्या आसपास एका ओळखीच्या मेकॅनिकने अपघातातली सीट उघडून दाखवेपर्यंत मलाही यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याआधी कडेला एअरबॅग असलेल्या तीन गाड्यांची कव्हरे माझ्या हातून शिवली गेली होती. त्यांपैकी दोन गाड्यांचे मालक मी शोधून काढले आणि ती कव्हरे उतरवली. तिसरी गाडी परराज्यात विकली गेली होती, तिचा माग लागला नाही. ती गाडी आजही माझ्या मनातून जात नाही.

लोक हे काम का करून घेतात, हेही मला नीट माहीत आहे आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. सात-आठ वर्षांची आलिशान सेदान आज नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत मिळते. आयुष्यभर बचत करून ती घेणाऱ्याला आतून तिचे रूप उजळावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मळलेले स्टिअरिंग नव्या लेदरने मढवणे, काळवंडलेल्या लाकडी पट्ट्यांना पुन्हा पॉलिश करणे, छताला अल्कांतारा लावणे ही सुंदर कामे आहेत आणि ती करताना मला आनंद होतो. जाता जाता एक सांगतो. ज्याला मालक अस्सल कातडे समजतात, ते कित्येक गाड्यांत मूळचेच कृत्रिम असते. मर्सिडीज त्याला आर्टिको म्हणते, बीएमडब्ल्यू सेन्साटेक म्हणते, आणि आपल्या उन्हात ते स्वस्त लेदरपेक्षा जास्त टिकते. अल्कांतारा हेसुद्धा कातडे नाही. जपानच्या तोरे कंपनीत १९७० साली शोध लागलेले आणि इटलीत बनणारे ते पॉलिएस्टर व पॉलियुरेथेनचे कापड आहे. म्हणून कोणी चांगली आर्टिकोची सीट फाडून ‘खरे लेदर’ लावायला आले, तर मी आधी त्यांना ती स्वच्छ करून दाखवतो आणि अर्धेअधिक लोक तिथेच थांबतात.

सीटांइतकीच मागणी आता दिव्यांची आहे. मर्सिडीजच्या सी-क्लासमध्ये २०१८ साली फेरबदल झाला, तेव्हा आतल्या मंद प्रकाशाचे रंग तीनवरून ६४ झाले. तेव्हापासून त्याआधीच्या गाड्यांचे मालक ६४ रंगांचा संच, उजळणाऱ्या गोल एसी व्हेंट आणि दारातल्या चमकत्या पट्ट्या बाहेरून बसवून घेऊ लागले. त्यातले काम नीट झाले तर धोका फारसा नसतो. पण दाराकडे जाणारी वायर बिजागरीजवळच्या घडीच्या रबरातून न नेता बाहेरून नेली, की दार उघडून-मिटून ती चिरडते, तिच्यावरचे आवरण सोलले जाते आणि शॉर्ट सर्किटला निमित्त मिळते. वीज फ्यूज न लावता कुठल्याही तारेवरून घेतली, की गाडी बंद केल्यावरही तिच्यातले छोटे संगणक, म्हणजे कंट्रोल युनिट, झोपत नाहीत आणि चार दिवसांनी बॅटरी उतरलेली सापडते. बॅटरी उतरली हे मालकाला कळते तरी. सोललेली तार कळत नाही.

याहून मला जास्त काळजी वाटते ती छतावरच्या चांदण्यांची. रोल्स-रॉइसमध्ये लेदरच्या छताला शेकडो बारीक छिद्रे हाताने पाडून प्रकाश वाहून नेणारे बारीक धागे, म्हणजे प्रकाशतंतू, बसवतात, तसे ‘आभाळ’ आता कोणत्याही गाडीत करून मिळते. त्यासाठी छताचे अस्तर पूर्ण उतरवावे लागते आणि खांबांवरची प्लास्टिकची आवरणेही काढावी लागतात. याच जागी, छताच्या दोन्ही कडांना, पुढच्या खांबापासून मागच्यापर्यंत, पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग वळकटीसारखी गुंडाळून ठेवलेली असते. बाजूने धडक बसली किंवा गाडी उलटली, की अस्तराची कड दाबून ती खाली सुटते आणि डोके काचेवर आदळू देत नाही. मी स्वतः अशी एक गाडी पाहिली आहे, जिच्यात प्रकाशतंतूंचा जुडगा या वळकटीलाच चार ठिकाणी प्लास्टिकच्या टायने आवळून बांधला होता, दिव्याची पेटी मागच्या खांबाच्या आवरणात तिच्या वाटेवर बसवली होती आणि अस्तराची कड वाकू नये म्हणून मागून डिंकाचा थर दिला होता. रात्री ते छत फार सुरेख दिसत असे. मागच्या सीटवर त्या घरातली दोन मुले बसत.

अशा कामात सीट काढल्यावर तिच्याखालचा एअरबॅगच्या तारांचा पिवळा कनेक्टर सुटतो आणि त्या अवस्थेत कोणी चावी फिरवली, की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि कनेक्टर परत जोडला तरी तो दिवा बिघाड वाचणारे यंत्र, म्हणजे स्कॅनर, लावल्याशिवाय जात नाही. काही ठिकाणी बिघाड न शोधता रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटासा भाग, जोडून त्या दिव्याचीच फसवणूक केली जाते, म्हणजे गाडीला एअरबॅग जागेवर असल्याचा भास होतो. हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही, ही जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे आणि ती करणाऱ्याला आमच्या धंद्यात जागा असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टिअरिंगच्या मधल्या बोधचिन्हावर खडे जडवलेली धातूची चकती चिकटवण्याची टूम आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२४ साली याविषयी जाहीर इशारा दिला. एअरबॅग फुटताना अशी चकती उडून एका चालकाचा डोळा कायमचा गेला होता. आपल्याकडे ड्रायव्हरशेजारच्या बाजूला, डॅशबोर्डच्या ज्या भागातून एअरबॅग बाहेर येते, नेमका त्यावरच गणपतीची पितळी किंवा संगमरवरी मूर्ती दुहेरी टेपने चिकटवलेली असते. माझ्याही गाडीत गणपती आहे. तो मधल्या भागात, एसी व्हेंटच्या वरच्या सपाट जागेवर बसवला आहे, आणि गिऱ्हाइकांची मूर्तीही मी त्यांच्या परवानगीने, नमस्कार करून, तिथेच हलवतो. आजवर एकानेही नाही म्हटलेले नाही.

साहित्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. भारतीय मानक आयएस १५०६१ प्रमाणे गाडीच्या आतल्या साहित्याचा जळण्याचा वेग मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. गाडीबरोबर आलेले साहित्य या चाचणीतून गेलेले असते. बाजारातल्या रेक्झिनच्या आणि फोमच्या गठ्ठ्यांवर मला अशी खूण क्वचितच आढळते. नवीन माल आला की मी प्रत्येकाची चार बोटे रुंद पट्टी कापून दुकानाबाहेर काडीने पेटवून पाहतो. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, हे मला कळते. पण काही पट्ट्या आपोआप विझतात, तर काहींचे जळते थेंब खाली टपकत राहतात आणि धुराने डोळे झोंबतात. दुसऱ्या प्रकारचा माल मी परत पाठवतो. तो पुढे कुठेतरी विकला जातच असणार.

कायद्याकडे पाहिले तर चित्र अर्धवट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे मागचा सलग बाक काढून दोन स्वतंत्र आरामखुर्च्या बसवल्या, तर आसनसंख्या बदलते आणि प्रश्न आरटीओपर्यंत जातो. पण सीटचा रंग किंवा तिची शिवण नोंदणी प्रमाणपत्रात नसते. बाहेरचा रंग बदलला तर पकडला जातो. आत एअरबॅगचे तोंड शिवून टाकले तर कोणत्याही तपासणीत ते दिसत नाही.

तरीही वाट नाही असे नाही. सीटबेल्ट न लावता त्याचा गजर बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास विकल्या जात होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. गाडी मर्सिडीज होती, पण मागे बसलेल्यांनी बेल्ट लावलेले नव्हते. त्यानंतर देशभर या विषयाची चर्चा झाली आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या क्लिपांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. अशा १३,११८ नोंदी संकेतस्थळांवरून हटवल्या गेल्या. सुरक्षेचे साधन निकामी करणारी वस्तू शोभेची किंवा सोयीची म्हणून विकता येणार नाही, हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. तेच तत्त्व ‘एअरबॅगला चालणारे’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या सीट कव्हरांना लावावे, अशी माझी प्राधिकरणाला विनंती आहे. ही चिठ्ठी कोणत्या चाचणीच्या आधारावर लावली, असे मी अनेक विक्रेत्यांना विचारले आहे आणि एकानेही मला कागद दाखवलेला नाही.

दुसरी विनंती उत्पादकांना आहे. मर्सिडीज-बेंझचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, माझ्या दुकानापासून फार तर तासाभराच्या अंतरावर. या कंपन्या मालकांसाठीच्या पुस्तिकेत ‘सीटवर बाहेरचे कव्हर घालू नका’ असे छापतात आणि ते योग्यच आहे. पण वॉरंटी संपलेली गाडी आमच्यासारख्यांकडे येणार हे त्यांनाही ठाऊक आहे. कडेचा तेवढा भाग, त्या शिवणीसह आणि आतल्या पट्ट्यांसह, कारखान्यात शिवून सुटा विकत मिळाला, तर बाकीची सीट आम्ही हव्या त्या रंगात शिवू आणि त्या भागाला हातही लावणार नाही. कोणत्या मॉडेलमध्ये वाट शिवणीतून आहे आणि कोणत्या मॉडेलमध्ये प्लास्टिकच्या झाकणातून, एवढी माहिती मराठी-हिंदीत एका पानावर छापली तरी हजारो कारागिरांच्या हातून होणारी चूक टळेल. आता सहा एअरबॅग दहा लाखांच्या आतल्या गाड्यांतही येऊ लागल्या आहेत, त्यामुळे ही माहिती केवळ श्रीमंतांच्या गाड्यांपुरती राहिलेली नाही.

आणि गिऱ्हाइकांना माझे एवढेच सांगणे आहे की सीटा शिवायला देताना कारागिराला रंग विचारण्याआधी कडेच्या एअरबॅगचे काय करणार, हे विचारावे आणि तो जे सांगेल ते बिलावर लिहून घ्यावे. ज्याला काम येते त्याला हा प्रश्न आवडतो.

त्या गृहस्थांना मी त्यांची सीट उघडी करून सगळे दाखवले. त्यांनी बराच वेळ काही न बोलता तो नायलॉनचा दोरा हातात धरून पाहिला. चीर दुरुस्त करण्याचे काम मी केले, पण पाठीचे कव्हर पुन्हा चढवायला नकार दिला. अधिकृत मार्गाने पुढच्या दोन्ही सीटांच्या पाठीची मूळ कव्हरे मागवली, ती यायला पाच आठवडे लागले. आली ती काळीच, कारण त्या गाडीसाठी कारखान्यात तोच रंग नोंदवलेला होता. आज त्यांच्या गाडीत बसायचा भाग टॅन आहे आणि पाठ काळी. बाहेरच्या कडेला तो छोटा बिल्ला पुन्हा दिसतो.

आपला नम्र,
एक कुशन कारागीर,
पिंपरी, पुणे